जुन्या दगडी घरात वायफाय: एकच भारी राउटर की मेश? (सोलापूर)

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. आमचं घर जुन्या सोलापुरात आहे. खाली बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परस. हे सगळं आजोबांच्या वेळचं, दगड-चुन्याचं, भिंती दोन-दोन फुटांच्या. वर बाबांनी नंतर स्लॅब टाकून दोन खोल्या काढल्या. त्यातल्या मागच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या कंपनीचं काम करते. दिवसभर मीटिंगा असतात.

फायबर २०० एमबीपीएसचं आहे. वायर रस्त्यावरच्या खांबावरून बैठकीत आली, म्हणून कंपनीचा डबा (वायफाय राउटर) तिथंच दाराशेजारी बसवलाय. बैठकीत सगळं झकास चालतं. माजघरात कसंबसं. वरच्या खोलीत मात्र बोलता बोलता आवाज तुटतो आणि शेवटी मला मोबाईलच्या नेटवर जावं लागतं.

एका दुकानदारांनी तीन डब्यांचा मेश (एकमेकांशी जोडलेले, घरभर एकाच नावाचं वायफाय देणारे डबे) सांगितलाय. चुलतभाऊ म्हणतो, वायफाय ७ चा आठ अँटेनांचा एकच राउटर घे, घर काय, गल्ली कव्हर होईल. दोन्हीला दहा हजारांच्या पुढं खर्च आहे. पैसे एकदाच घालायचेत, म्हणून आधी इथं विचारतेय. काय घेऊ?

शेंगाचटणी

ताई, घर आजोबांनी उन्हाळा बघून बांधलंय, मीटिंग बघून नाही. ती भिंत मे महिन्यात ऊन आत येऊ देईना, वायफाय कुठनं येऊ देईल! आमच्या साखर पेठेतल्या घरात पण हेच चाललालंय. वाचायला बसलो इथं.

होटगीरोड

मेश घ्या, विषय संपला. आमच्या बंगल्यात खाली-वर मिळून तीन युनिट आहेत, टीपी-लिंकचे डेको. एक नाव, एक पासवर्ड, खालून वर बोलत गेलं तरी कॉल तुटत नाही. ॲपवरून सगळं दिसतं, मुलांचा वेळ बांधून देता येतो. आई-वडिलांना काही शिकवावं लागलं नाही. पैसे जातात, पण डोकेदुखीही जाते.

फायबरवाला

मी हेच काम करतो म्हणून लिहितो. काहीही विकत घ्यायच्या आधी लॅपटॉप केबलने थेट डब्याला लावा आणि स्पीड बघा. तिथं २०० च्या आसपास मिळत असेल तर लाइन चांगली आहे आणि अडचण घरातल्या हवेची आहे. तिथंच ४०-५० मिळत असेल तर दहा हजारांचा मेश लावूनही वर ४०-५० च येणार.

केबलवर बरोब्बर ९०-९५ वर आकडा अडकला तर डब्याचा किंवा लॅपटॉपचा लॅन पोर्ट (केबल लावायची खोबण) १०० चा आहे, नाहीतर केबलमधली तारांची एखादी जोडी तुटलेली आहे. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. त्यामुळं एक तार सुटली तरी नेट चालू राहतं, फक्त वेग १०० वर येतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक बघा. डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते, आरएक्स पॉवर म्हणून. ती उणे आकड्यात असते. आपल्याकडच्या नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरची पद्धत) लाइनला उणे ८ ते उणे २७ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं माप) ही मानकातली हद्द आहे. उणे २० च्या आसपास असेल तर निवांत राहा. उणे २६-२७ ला टेकलं असेल तर तक्रार नोंदवा. बहुतेक वेळा वायर दाराच्या फटीत दाबलेली असते किंवा खिळ्याभोवती कचकन वाकवलेली असते. फायबर तीव्र वाकलं की प्रकाश तिथंच बाहेर पडतो.

रश्मी_कोथरूड

मूळची सोलापूरची, आता पुण्यात. आमच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये एकच साधा वायफाय ६ राउटर मधोमध ठेवलाय, सगळीकडं उत्तम. मेश हे मला तरी खर्च वाढवायचं काम वाटतं. चाटीगल्ली, डबा बैठकीतून माजघरात हलवून बघा ना आधी. फुकट आहे.

होटगीरोड

@रश्मी, फ्लॅटच्या आतल्या भिंती चार-सहा इंचांच्या असतात. त्यांचं घर दोन मजली आणि दगडी आहे. तुलना कशी होईल?

काका_जुळेसोलापूर

दूरसंचार खात्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ भिंतीतून बऱ्यापैकी जातं, पण वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी फार. ५ वर वेग चांगला, पण भिंत आली की ते पटकन मरतं. विटांच्या चार इंची भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ निघून जातं. दोन फुटी दगडी भिंतीतून जवळजवळ काहीच जात नाही. अशा घरात लहरी भिंतीतून जात नसतात, त्या दारातून, खिडकीतून, जिन्याच्या मोकळ्या जागेतून वळणं घेत पोचतात. म्हणून माजघराचं दार लावलं की रेंज पडते. वर जाताना स्लॅबमधल्या सळयांची जाळी आडवी येते, ती वेगळीच.

आता आठ अँटेनांबद्दल. राउटरने किती ताकदीने लहरी सोडायच्या यावर सरकारी मर्यादा आहे. अँटेना वाढवल्याने एकाच वेळी अनेक प्रवाह पाठवता येतात आणि थोडं दिशेचं गणित साधतं, पण भिंत फोडायची ताकद येत नाही. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. राउटरचा आवाज मोठा केला तरी तुमच्या फोनची छोटी अँटेना उत्तर द्यायला तेवढी ताकद कुठून आणणार? मीटिंगमध्ये तुमचा आवाज समोरच्याला तुटक जातो तो बऱ्याचदा यामुळं.

खोक्यावरच्या आकड्यांनीही फसू नये. एएक्स१८०० लिहिलेलं असतं तेव्हा २.४ चे ५७४ आणि ५ चे १२०१ यांची बेरीज करून पुढं गोळाबेरीज केलेली असते. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, बेरजेवर नसतो. आणि हे सगळे कागदावरचे वेग आहेत, हातात त्याच्या निम्मं आलं तरी चांगलं म्हणायचं.

होटगीरोड यांचा अनुभव खरा आहे, पण त्यांच्या भिंती विटांच्या असणार. केबल नसेल तर मेशचे डबे एकमेकांशी वायफायनेच बोलतात. बैठकीतला डबा आणि वरचा डबा यांच्यामध्ये तीच दोन फुटी भिंत आणि तोच स्लॅब आहे. फोनला जे जमत नाही ते डब्याला थोडं बरं जमेल, एवढंच. त्यात साध्या दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये तोच ५ चा रेडिओ मागच्या डब्याकडून घेतो आणि पुढं तुम्हाला देतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. तीन पट्ट्यांच्या मेशमध्ये या आतल्या बोलण्यासाठी वेगळा पट्टा असतो, पण तो महाग आणि भिंतीपुढं तोही हतबल.

माझा सल्ला: वर एक केबल न्या. तांब्याची, कॅट ६ दर्जाची नेटवर्क केबल. मग वरती काय लावायचं हा प्रश्न सोपा आहे.

शेंगाचटणी

काकांना +१. केबल ओढायला मी येतो ताई, फक्त चहा पाजा.

होटगीरोड

काका, माहिती चांगली आहे, पण केबल ओढणं सगळ्यांना जमत नाही. दगडी भिंतीला भोक पाडायचं म्हणजे घरातल्या मोठ्यांची परवानगी, गवंडी, धूळ, सगळं आलं. मेश दहा मिनिटांत लागतो. मधला डबा जिन्यात ठेवला तर वळण घेऊन सिग्नल वर जाईलच की.

फायबरवाला

जिन्याची कल्पना चांगली आहे. लोक मधला डबा जिथं रेंज नाही तिथं ठेवतात आणि मग मेशला नावं ठेवतात. जिथं पहिल्या डब्याची रेंज अजून चांगली आहे अशा शेवटच्या जागी तो ठेवायचा असतो. पण भोकाची भीती नको. जुन्या घरात झरोके असतात, केबल टीव्हीची जुनी वायर कुठून तरी वर गेलेली असतेच. त्याच वाटेने न्यायची. भिंत फोडायची वेळ क्वचितच येते.

ओपनसोर्स_पंत

वर केबल गेली की नवा राउटर सुद्धा लागणार नाही कदाचित. घरात जुना राउटर पडलाय का? त्यालाच ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट नुसतं वायफायने देणारा डबा) करता येतं. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा पत्ता मुख्य डब्यापेक्षा वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये (बाहेरचं नेट आत घ्यायच्या पोर्टमध्ये) नको. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा. फोन आपोआप जवळचं पकडतो.

२.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यापैकीच घ्या, हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. दाट वस्तीत ४० ठेवून स्वतःचं आणि शेजाऱ्याचं दोघांचंही वाटोळं होतं.

मी स्वतः जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) टाकून वापरतो. कंपनीने अपडेट देणं सोडलं तरी हे चालू राहतं. पण ज्यांना हौस आहे त्यांनीच करावं.

होटगीरोड

@पंत, "फोन आपोआप जवळचं पकडतो" याला माझा आक्षेप. आधी आमच्याकडं असंच दोन राउटरचं होतं. फोन खालच्याला चिकटून बसायचा, वर गेलं तरी सोडायचा नाही. वायफाय बंद-चालू करावं लागायचं. मेश आल्यावर ते थांबलं.

ओपनसोर्स_पंत

तुमचा अनुभव बरोबर आहे. कधी सोडायचं ते शेवटी फोनच ठरवतो, राउटर नाही. मेशमध्ये ८०२.११ के, व्ही आणि आर ही तीन मानकं असतात. के आणि व्ही फोनला सांगतात की शेजारी दुसरा चांगला डबा आहे, तिकडं जा. आर मुळं नव्या डब्याकडं जाताना ओळखपाळख पटकन होते. साध्या दोन राउटरमध्ये हे नसतं. पण त्यावर उपाय म्हणजे दोन्हींची २.४ ची ताकद कमी करायची. खालच्याची रेंज वर पोचलीच नाही तर फोन चिकटणार कशाला? आणि या घरात तर भिंतीच ते काम करतायत. शिवाय धागाकर्ती खुर्चीवर बसून मीटिंग करतात, घरभर फिरत नाहीत.

यंत्रमाग

अक्कलकोट रोडला आमचा कारखाना आहे, टॉवेलचा. शेडमध्ये कॅमेरे आणि ऑफिसात नेट, मधलं अंतर बरंच. केबलबद्दल दोन गोष्टी अनुभवाच्या.

पहिली, स्वस्त केबल घेऊ नका. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल कॅट ६ म्हणून मिळते. त्या बंडलावर सीसीए लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. सुरुवातीला चालते, मग टोकाला तार तुटते, कॅमेरा कधी दिसतो कधी नाही. तार चाकूने जरा खरवडून बघा, आत पांढरट निघाली की ती ॲल्युमिनियम. शुद्ध तांब्याची घ्या. ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात देते, कॅट ५ई असली तरी.

दुसरी, बाहेरून नेणार असाल तर बाहेरची, काळ्या जाड आवरणाची घ्या. आपल्याकडच्या उन्हात घरातली करडी केबल भिंतीवर टिकत नाही. आवरण कडक होतं, बोटाने वाकवलं की तडकतं, आणि पहिल्या पावसात पाणी आत. आमच्या शेडच्या पत्र्याखालून नेलेली अशीच गेली.

तिसरी पण सांगतो. राउटर पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नका. आमच्याकडं सुताचा कचरा उडतो, तो राउटरच्या जाळीत बसून नमद्यासारखा थर जमतो. दर महिन्याला ब्रशने काढतो. तुमच्याकडं सूत नसेल, पण धूळ आहेच.

काका_जुळेसोलापूर

यंत्रमाग यांचा उन्हाचा मुद्दा फार महत्त्वाचा. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. सोलापूरचा एप्रिल-मे त्याच्या वर जातो. गच्चीखालच्या खोलीत स्लॅब तापलेला असताना राउटर छताजवळ ठेवला तर त्याला ते सोसत नाही. तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो किंवा बंद पडून पुन्हा चालू होतो. लोकांना वाटतं कंपनीचं नेट गेलं. कमरेच्या उंचीवर, मोकळ्या हवेत, पंख्याचा वारा लागेल असा ठेवा. दोन डबे एकावर एक रचू नका.

पाण्याचंही बघा. आपल्याकडं पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी टाक्या, पिंपं, हौद. पाणी लहरी शोषून घेतं. राउटर आणि तुमची खुर्ची यांच्या सरळ रेषेत भरलेली टाकी असेल तर पाणी आल्याच्या दिवशी रेंज कमी आणि टाकी रिकामी झाल्यावर बरी, असा प्रकार होतो. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांचाही तोच त्रास.

शेंगाचटणी

काका, आमच्या मोरीवरच्या टाकीचं कोडं सुटलं बघा आज. पाणी आलेल्या दिवशीच पोरगा ओरडायचा की गेम अडकतोय. मी म्हणायचो, पाण्याचा आन गेमचा काय संबंध!

रश्मी_कोथरूड

माझं मत थोडं बदलते. दोन फुटी दगडी भिंत आणि सळयांचा स्लॅब असेल तर एक राउटर पुरणार नाही, पटलं. पण वायफाय ७ वर पैसे घालू नका हे मात्र ठामपणे सांगते. २०० एमबीपीएसच्या लाइनला वायफाय ५ सुद्धा पुरतं. वायफाय ६ घ्या, कारण घरात फोन, टीव्ही, कॅमेरे असे बरेच एकदम जोडलेले असताना ते गर्दी नीट हाताळतं. फोनच वायफाय ५ चे असतील तर राउटरचा ७ त्यांना दिसणारही नाही.

अक्कलकोट_नाका

मध्येच विचारतो. लाइट गेली की नेट जातं त्याचं काय करायचं? आमच्याकडं दुपारी हमखास जाते. इन्व्हर्टर आहे, तरी राउटर बंद पडून चालू होतो आणि तीन-चार मिनिटं जातात. तेवढ्यात मीटिंगमधून बाहेर.

फायबरवाला

इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, मागच्या बाजूला. ते साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात डबा रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर करा. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ चेही आहेत. ९ च्या डब्याला १२ लावला तर जळतो. पिनही बसते का बघा. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोघांनाही लागणार, नुसता राउटर चालू ठेवून उपयोग नाही.

यंत्रमाग

आणि पावसाळ्याच्या तोंडाला वीज कडाडायला लागली की ॲडॅप्टर काढून ठेवा. फायबर काचेचं, त्यातून करंट येत नाही. पण विजेच्या तारेतून आणि बाहेरून नेलेल्या तांब्याच्या केबलमधून येतो. आमचा एक स्विच असाच गेला.

चाटीगल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. फायबरवाला दादांनी सांगितलं तसं केलं. केबलने डब्याजवळ १९० च्या वर मिळतंय, प्रकाशाची पातळी उणे २१. म्हणजे लाइन चांगली. फोनवर ॲप घालून रेंज बघितली: बैठकीत उणे ४२, माजघरात दार उघडं असताना उणे ६८, दार लावल्यावर उणे ७७, वरच्या खोलीत उणे ८५. हे आकडे कसे वाचायचे?

आणि माझ्या खोलीच्या बाहेरच टाकी आहे. सिंटेक्सची, मोठी.

काका_जुळेसोलापूर

उणे ३० म्हणजे राउटरच्या शेजारी. उणे ६७ पर्यंत मीटिंग सुरळीत चालते. उणे ७५ च्या खाली रडारड सुरू, आणि उणे ८५ वर जोडलेलं दिसतं तेवढंच, काम होत नाही. दार लावल्यावर नऊने पडतं म्हणजे तुमचं दार चांगलं जाड सागवानी आहे. आणि दाराने एवढा फरक पडतो यावरूनच कळतं की लहरी दारातूनच येतायत, भिंतीतून नाही.

तुमच्या घराला केबलशिवाय पर्याय नाही. मेश घ्यायचाच असेल तरी त्याचे डबे केबलने जोडा, होटगीरोड यांनाही यात हरकत नसावी.

होटगीरोड

अजिबात नाही. उणे ८५ वाचून मीही केबलच म्हणेन. फक्त एवढंच सांगतो, केबलने जोडून मेश लावला तर घरभर एक नाव, फिरताना न तुटणं आणि केबलचा वेग, तिन्ही मिळतं. नंतर स्वयंपाकघरात तिसरा डबा वाढवणंही सोपं. घेताना लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का बघा. डेकोमध्येच ई४ चे पोर्ट १०० चे आहेत आणि एम४ चे गिगाबिट, दिसायला दोन्ही सारखेच पांढरे डबे.

ओपनसोर्स_पंत

मेश किंवा नवा राउटर, काहीही लावलंत तरी ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवा. नाहीतर फायबरचा डबाही पत्ते वाटतो आणि राउटरही वाटतो, दोन जाळ्या होतात. वरचा प्रिंटर खालच्या फोनला दिसत नाही, कॅमेरे बाहेरून बघताना त्रास. डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे तो नुसतं नेट पुढं देतो, पत्ते वाटत नाही) टाकून द्या असं कंपनीला सांगता येतं, पण मग फोनची लाइन आणि टीव्ही त्याच डब्यावर असेल तर विचारून करा.

अक्कलकोट_नाका

अवांतर: गड्ड्याला (संक्रांतीच्या जत्रेला) घरात पाहुणे भरले की वायफाय रडतं. पासवर्ड सगळ्यांना द्यावा लागतो, तोही नको वाटतं.

रश्मी_कोथरूड

गेस्ट नेटवर्क चालू करा. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पाहुण्यांना नेट मिळतं पण तुमचे कॅमेरे, लॅपटॉप दिसत नाहीत. संक्रांत झाली, नंदीध्वजांच्या मिरवणुका झाल्या, पाहुणे परतले की बंद करून टाका. आणि सगळ्यांनीच एक करा: डब्याच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. वायफायचा पासवर्ड बदलतात, हा कुणी बदलत नाही.

चाटीगल्ली

कळवायला आले. मेश नाही घेतला, आठ अँटेनाही नाही. वायफाय ६ चा साधा राउटर घेतला, गिगाबिट पोर्टचा, आणि काळ्या आवरणाची शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल. भावाने चाकूने खरवडून दुकानातच तपासली, दुकानदारही हसत बघत होते. दोन्ही मिळून साडेचार हजारांच्या आसपास.

केबल बैठकीच्या झरोक्यातून बाहेर काढली. झरोक्यात जुनी केबल टीव्हीची वायर होतीच, तिच्यालाच नवी बांधून ओढून घेतली. बाहेरच्या भिंतीने वर नेऊन माझ्या खोलीच्या खिडकीतून आत. झरोक्यापाशी केबलचा एक झोल खाली सोडलाय, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत न येता तिथूनच गळून पडेल, हे इलेक्ट्रिशियन दादांनी सुचवलं. एकही भोक नाही. आजी सगळा वेळ खुर्ची टाकून बाहेर बसली होती आणि दगडाला हात लावायचा नाही म्हणून सांगत होती.

आता वर खुर्चीवर उणे ४५, स्पीड १८० च्या पुढं. ॲक्सेस पॉइंट मोड, नाव खालचंच. टाकी राउटरच्या दुसऱ्या बाजूला गेली. बाबा आता वर येऊन भजन लावून बसतात.

एकच राहिलं. स्वयंपाकघरात आईच्या फोनवर अजून उणे ७९. तिथं काय करू?

काका_जुळेसोलापूर

छान केलंत. नव्या राउटरला मागं मोकळे लॅन पोर्ट असतील. स्वयंपाकघर परसाच्या बाजूला असेल तर वरून दुसरी केबल परसाच्या भिंतीने खाली सोडा आणि तिथं पंतांनी सांगितलेला जुना राउटर बसवा. फक्त मायक्रोवेव्हपासून लांब, तो चालू असताना २.४ वर गोंधळ घालतो. आईंना फक्त कॉल आणि व्हिडिओ बघायचे असतील तर तूर्त माजघराचं दार उघडं ठेवून बघा, तेवढ्यानं भागेल.

शेंगाचटणी

ताई, केबल उरलीय का? आमच्या साखर पेठेत पण झरोका हाय. रविवारी काम काढलालोय, इलेक्ट्रिशियनचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

विडीघरकुल

पूर्ण धागा वाचला. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, मालक भिंतीला खिळाही मारू देत नाहीत. आमचं काय?

फायबरवाला

चपटी कॅट ६ केबल मिळते, दाराखालच्या फटीतून आणि भिंतीच्या खालच्या कडेने जाते, चिकटपट्टीने बसते. घर सोडताना गुंडाळून घेऊन जा. तिचीही तार तांब्याची आहे का विचारा. घर लहान आणि भिंती विटांच्या असतील तर आधी डबा हॉलच्या मधोमध टेबलावर आणून बघा. फायबरची वायर लांब करायला कंपनीचा माणूस येतो, ती स्वतः ओढू नका.